हिस्सा वेगळा, वाटणी वेगळी
जपान, चीन व कोरियातील व्यापारी घराण्यांचा एक अभ्यास

जपान, कोरिया, तैवान आणि चीन यांच्या औद्योगिक प्रगतीचा विषय निघाला की आपल्याकडे एक ठरावीक उत्तर ऐकू येते. ती माणसे कष्टाळू आहेत, काटकसरी आहेत, वडीलधाऱ्यांचा शब्द मोडत नाहीत आणि हे सर्व त्यांना कन्फ्यूशियस नावाच्या प्राचीन चिनी गुरूने शिकविले. मेळाव्यात वक्ता इथे थांबतो, टाळ्या पडतात, आणि समोर बसलेला आपला यंत्रमागवाला मनात म्हणतो की बारा-बारा तास तर आम्हीही माग चालवितो, मग आमच्या घरात टोयोटा का निपजली नाही? त्याचा प्रश्न रास्त आहे. वक्त्याचे उत्तर अपुरे आहे.

अपुरे अशासाठी की याच कन्फ्यूशियसच्या शिकवणीवर एके काळी नेमका उलटा आरोप होता. मॅक्स वेबर या जर्मन विद्वानाने १९१५ साली चीनवर लिहिताना असे मांडले की तेथे भांडवलशाही उद्योग उभा राहिला नाही, याचे एक कारण ही शिकवणच आहे. पुढे १९७० नंतर जपान, तैवान, हाँगकाँग, कोरियाचा माल जगभर खपू लागला, तेव्हा दुसरे विद्वान म्हणू लागले की हे सर्व त्याच शिकवणीमुळे घडले. एकाच काढ्याने ताप चढतो आणि त्याच काढ्याने उतरतो असे कोणी हकीम सांगू लागला, तर आपण दुसरा हकीम शोधू.

खरी गोष्ट अशी की त्या जुन्या व्यवस्थेत समाजाच्या चार पायऱ्या सांगितल्या होत्या. सर्वांत वर विद्वान (जपानात त्या जागी सामुराई), मग शेतकरी, मग कारागीर आणि सर्वांत खाली व्यापारी. म्हणजे आपण कापड विकणारे लोक तळाला! आपल्या दीनमध्ये असे नाही. स्वतः प्रेषित मुहम्मद (स.) यांनी तिजारत केली आणि हजरत खदीजा (र.) यांचा माल घेऊन ते शामच्या बाजारात गेले. एकाचे भांडवल व दुसऱ्याची मेहनत, ज्याला आपण मुजारबत म्हणतो, त्याचा यापेक्षा मोठा दाखला कोणता? ज्यांच्याकडे व्यापारी तळाला होता ते पुढे गेले आणि ज्यांच्याकडे त्याला इज्जत होती ते मागे राहिले, असा हा हिशेब दिसतो. तेव्हा फरक केवळ शिकवणीत नसावा.

शिकवण वापरणाऱ्यावरही बरेच असते. जपानात शिबुसावा एइइची (१८४०–१९३१) नावाचा गृहस्थ होऊन गेला. त्याचे घराणे शेती करीत असे आणि निळीचा धंदा करीत असे. त्याने सुमारे पाचशे कंपन्यांच्या स्थापनेत भाग घेतला आणि कन्फ्यूशियसचे वचन व व्यापाऱ्याची हिशेबाची चौकट ही एकत्र नांदू शकतात, असे आयुष्यभर सांगितले. जपानच्या दहा हजार येनच्या नोटेवर २०२४ पासून त्याचे चित्र आहे. १८८२ साली त्याच्या पुढाकाराने ओसाका येथे मोठी सूतगिरणी स्थापन झाली, तिच्या १०,५०० चात्या होत्या. पुढे जपानी गिरण्यांना हिंदुस्थानचा कापूस हवा होता. १८९३ साली जमशेटजी टाटा जपानला गेले, शिबुसावांना भेटले, आणि त्याच वर्षी कोबे-मुंबई अशी जपानी जहाजांची फेरी सुरू झाली. आपल्याकडचा कापूस तिकडे गेला आणि पुढे त्याचे कापड होऊन आपल्याच बाजारात उतरले, हा वेगळा आणि आपल्याला महाग पडलेला इतिहास आहे.

आम्ही कापडवाले. माणसाची पारख करताना तो काय बोलतो हे न पाहता त्याच्या घरी आणि पेढीवर काय चालते हे पाहावे, असे आम्हांला वाटते. समाजाचेही तसेच. संस्कृती धंद्यात उतरते ती भाषणातून नव्हे, तर तीन साध्या प्रश्नांच्या उत्तरांतून. मालक गेल्यावर दुकान कोणाचे? नड लागली तर पैसा कोण देतो? आणि घराबाहेरच्या माणसावर विश्वास ठेवायचा की नाही? जपानी, चिनी आणि कोरियन या तिघांनी या प्रश्नांची उत्तरे वेगवेगळी दिली, आणि म्हणून त्यांची दुकानेही वेगवेगळ्या घडणीची झाली.

जपानपासून सुरुवात करू, कारण तेथील सर्वांत गाजलेली पेढी आपल्याच धंद्यातली आहे.

मित्सुई ताकातोशी (१६२२–१६९४) हा मात्सुसाका या गावचा. तरुणपणी त्याने एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, थोरल्या भावाच्या दुकानात काम केले. मग भावाने त्याला आईजवळ राहण्यासाठी गावी परत पाठविले. स्वतःचे कापड दुकान त्याने एदोत उघडले ते १६७३ साली, पन्नाशी गाठल्यावर. (आमच्या वयाच्या वाचकांनी याची नोंद घ्यावी.) दुकानाचे नाव एचिगोया. त्या काळी मोठे कापडवाले उमरावांच्या घरी माल घेऊन जात, उधारीवर देत आणि वर्षातून एकदा किंवा दोनदा वसुली करीत. उधारी बुडण्याची भीती असल्याने भाव चढा सांगत आणि मग घासाघीस होई. ताकातोशीने जाहीर केले : रोख पैसे आणि एकच भाव. भाव आधीच कमी. शिवाय इतर दुकानदार पूर्ण थान विकत, हा गिऱ्हाइकाला हवे तेवढे कापून देऊ लागला. म्हणजे गरीब बाईसुद्धा दुकानात येऊ लागली. बाजारातल्या जुन्या दुकानदारांनी त्याला भरपूर त्रास दिला. १६८२ च्या आगीत दुकान जळाले. १६८३ मध्ये त्याने दुसऱ्या पेठेत ते पुन्हा उभे केले आणि शेजारी सराफी पेढीही घातली. याच एचिगोयाचे १९०४ साली मित्सुकोशी हे डिपार्टमेंट स्टोअर झाले.

पण आम्हांला खरा धडा वाटतो तो ताकातोशीच्या मृत्यूनंतरचा. त्याला अनेक मुलगे होते. क्योतो, एदो आणि ओसाका येथे दुकाने होती, सराफी होती. आपल्याकडे काय झाले असते ते सांगायला नको. तेथे मुलांनी भांडवल फोडले नाही. १७१० साली त्यांनी सर्व दुकानांच्या वर एक मध्यवर्ती पेढी बसविली, तिचे नाव ओमोतोकाता. सर्व दुकानांचे भांडवल तिच्या नावे. दुकानांनी ठरलेली रक्कम तिच्याकडे भरायची आणि घराण्याच्या प्रत्येक शाखेला तिने तिच्या हिश्श्याप्रमाणे पैसा द्यायचा. १७२२ मध्ये थोरला मुलगा ताकाहिरा याने हे नियम लेखी करून ठेवले. कोणत्या शाखेचा किती हिस्सा, मुलांना लहानपणापासून दुकानात शिकायला कसे बसवायचे, हे सारे कागदावर आले. हिस्से सारखे नव्हते, थोरल्या शाखेचा जास्त होता. परंतु कोणालाही आपला हिस्सा उचलून वेगळे होण्याची मुभा नव्हती.

हे सर्व अगदी सुरळीत चालले असे मानू नका. १७७४ साली मित्सुई घराण्यातही भांडण होऊन धंद्याची तीन गटांत विभागणी झाली. पण लेखी नियम शिल्लक होते, आणि १७९७ मध्ये ते पुन्हा एक झाले. तेवीस वर्षांनी! कागद नसता तर परतीची वाट कोणत्या आधारावर शोधली असती?

दुसरा प्रश्न लायकीचा. जपानी व्यापाऱ्याच्या मते दुकान हे रक्तापेक्षा मोठे. मुलगा नालायक निघाला किंवा मुलगाच नसला, तर हुशार जावयाला दत्तक घेऊन त्याला घराण्याचे नाव देत आणि गादीवर बसवीत. साकिची टोयोडा हा सुताराचा मुलगा; आई घरी माग चालवी, तो माग सुधारावा म्हणून तो झटला आणि १८९१ साली लाकडी हातमागाचे पेटंट घेतले. १९२४ साली त्याचा स्वयंचलित माग आला आणि १९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सने त्याचे हक्क एक लाख पौंडांना विकत घेतले. ज्या इंग्रजांची यंत्रे जगभरच्या गिरण्यांत होती, त्यांनी सुताराच्या मुलाकडून माग घ्यावा! या घराण्याच्या माग कारखान्याचा आणि १९३७ साली निघालेल्या टोयोटा मोटर कंपनीचा पहिला अध्यक्ष कोण होता? साकिचीचा मुलगा किइचिरो नव्हे. दत्तक घेतलेला जावई रिसाबुरो. मुलगा मोटारीच्या कामात गुंतला होता, तो नंतर अध्यक्ष झाला. आपल्या रस्त्यांवर धावणाऱ्या मारुतीची गोष्टही अशीच. सुझुकी कंपनी १९०९ साली हामामात्सु येथे माग बनविण्यासाठीच निघाली. १९८२ मध्ये भारताशी करार करणारे ओसामु सुझुकी (निधन डिसेंबर २०२४) हे जन्माने सुझुकी नव्हते, तेही दत्तक जावई.

दुकानातला नोकरही असाच वर चढे. दहा-बारा वर्षांचा पोरगा उमेदवार म्हणून लागे, मग गुमास्ता, मग मुनीम. वर्षानुवर्षे इमानाने काम केलेल्या मुनिमाला मालक स्वतःच्या दुकानाचे नाव घेऊन वेगळी शाखा काढू देई. जपानी दुकानाच्या दारावर कापडाचा जो पडदा टांगलेला असतो त्याला नोरेन म्हणतात आणि या प्रथेला ‘नोरेन वाटून देणे’ असे नाव आहे. आजही जपानी हिशेबनिसाच्या भाषेत गुडविलला नोरेन हाच शब्द आहे. साख म्हणजे कापडाचा पडदा, हे ऐकून आम्हां कापडवाल्यांना बरे वाटले. याच देशात ओमी प्रांतातले फेरीवाले खांद्यावर कावड घेऊन गावोगाव कापड विकत. त्यांतल्याच इतो चुबेइने वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षी, १८५८ साली, तागासारख्या धाग्याचे कापड विकायला सुरुवात केली. आजच्या इतोचु आणि मारुबेनी या दोन्ही अवाढव्य कंपन्या तेथून निघाल्या. त्याच्या दुकानात नफ्याचे तीन भाग होत : एक मालकाच्या घराला, एक दुकानाच्या गंगाजळीला आणि एक नोकरांना.

आता चीनकडे. तेथे उत्तर दुसरे आहे. बाप गेला की सर्व मुलांना सारखी वाटणी, आणि चुली वेगळ्या. मुलींना लग्नात जे दिले तेवढेच. त्यामुळे श्रीमंती तीन पिढ्यांपलीकडे टिकत नाही, अशी म्हणच त्यांच्यात आहे. हाँगकाँगचे समाजशास्त्रज्ञ वाँग सिउ-लुन यांनी १९४९ च्या सुमारास शांघायहून हाँगकाँगला आलेल्या सूतगिरणी मालकांचा अभ्यास केला. चिनी घरगुती धंदा संस्थापकाच्या हाती वाढतो, मुलांच्या हाती त्याचे कप्पे पडतात आणि नातवांच्या काळात तो विखुरतो, असे चक्र त्यांनी दाखविले. ओळखीचे वाटते ना?

परंतु या फुटण्याचाही एक फायदा झाला, हे मान्य केले पाहिजे. प्रत्येकाला वाटते की मोठ्याच्या पेढीवर मान खाली घालून राहण्यापेक्षा आपले लहान दुकान बरे. तैवानमध्ये १९७० नंतर घरातल्या बैठकीच्या खोलीत कारखाने चालू लागले. एक घर बटणे लावी, दुसरे शिवण घाली, तिसरे माल बांधी. सरकारनेही उत्तेजन दिले. आपल्या भिवंडीत, मालेगावात दोन-चार मागांचे घर असते, तसेच म्हणा. फरक असा की तेथे हे लहान कारखानदार एकमेकांचा माल वेळेवर पोहोचवीत आणि मिळून परदेशी व्यापाऱ्याची मोठी ऑर्डर पुरी करीत.

त्यांना पैसा कोण देई? बँका मोठ्यांसाठी होत्या. लहानांसाठी होती ‘हुइ’, म्हणजे चक्क आपली भिशी! कोरियात तिला ‘के’ म्हणतात. तैवानने १९९९ साली दिवाणी कायद्यात बदल करून भिशीची कलमेच त्यात घातली. चिनी भाषेत पतीला ‘शिनयोंग’ म्हणतात आणि ज्याची ती गेली त्याला भिशीत कोणी घेत नाही, मालही उधार देत नाही. मात्र येथे सावध राहावे. त्यांच्या बहुतेक भिश्या बोलीच्या असतात. ज्याला नड जास्त तो जास्त रक्कम सोडून पैसा उचलतो. आपल्याकडेही अशा लिलावाच्या भिश्या चालतात आणि आमच्या मते तो सुदाचाच व्यवहार आहे. चिठ्ठी टाकून नंबर लावणारी साधी भिशी वेगळी. चीनच्या वेन्झोउ शहराने या बोलीचे टोक पाहिले. डोंगराळ मुलूख, जमीन थोडी, बोली अशी की शेजारच्या जिल्ह्याला कळू नये. १९७८ नंतर तेथील लोकांनी बटणे, बूट, लायटर बनवून नाव काढले, तेही बहुतांशी नातेवाइकांच्या पैशावर. पुढे तोच पैसा चढ्या व्याजाने फिरू लागला, कारखाना चालविण्यापेक्षा व्याजावर देणे सोपे झाले, आणि २०११ साली सगळा डोलारा कोसळला. अनेक मालक रातोरात पळाले. खुद्द पंतप्रधान वेन जियाबाओ यांना तेथे यावे लागले.

याच वेन्झोउचे लोक इटलीतल्या प्रातो या जुन्या कापडनगरीत हजारोंनी गेले आणि तयार कपड्यांचा धंदा त्यांनी उभा केला. बिरादरीच्या बळाचे हे मोठे उदाहरण म्हणून सांगितले जाते. पण डिसेंबर २०१३ मध्ये तेथील एका कारखान्याला आग लागून त्यातच राहणारे सात चिनी मजूर मेले. आपल्या माणसाला आपल्याच माणसाविरुद्ध तक्रार करता येत नाही, ही बिरादरीची दुसरी बाजू. आपल्याकडेही मागाशेजारी कारागीर झोपतात. वाचकांनी समजून घ्यावे.

कोरियाचे थोडक्यात. तेथे १९६१ नंतर सरकारने बँका हातात ठेवून मोजक्या घराण्यांना कर्ज दिले आणि राक्षसी उद्योगसमूह तयार झाले. सॅमसंगची सुरुवात १९३८ साली दायगू गावी सुक्या मासळीच्या आणि शेवयांच्या व्यापारातून झाली, १९५४ मध्ये तिने लोकरी कापडाची गिरणी काढली. घराणेशाही तेथे इतकी घट्ट की ह्युंदाईच्या संस्थापकाच्या मुलांची भांडणे २००० साली देशभर गाजली. कापडाच्या निर्यातीतून १९६७ साली निघालेली देवू १९९९ मध्ये कर्जाखाली बुडाली. येथे संस्कृतीपेक्षा सरकारचा हात मोठा होता, म्हणून आम्ही पुढे जातो.

तर आपले काय?

आपला वारसा कायदा अल्लाहने ठरवून दिला आहे. सूरह निसामध्ये बायको, आई, मुलगा, मुलगी, प्रत्येकाचा हिस्सा सांगितला आहे. त्यात थोरल्याला सर्व काही देता येत नाही आणि दत्तक घेऊन वारस बदलता येत नाही. त्यामुळे कित्येक सुशिक्षित लोकही म्हणतात की मुसलमानाची पेढी तिसऱ्या पिढीत फुटणारच. आम्हांला हे मान्य नाही. शरीयत हिस्सा ठरविते. दुकानात प्लायवूडची भिंत घालायला ती सांगत नाही. हिस्सा वेगळा आणि वाटणी वेगळी. मित्सुईच्या घरी हिस्से होते, वाटणी नव्हती.

हे आम्ही पुस्तकात वाचून लिहीत नाही. आमच्या वडिलांच्या पश्चात आम्हां भावांची दुकानाची वाटणी झाली. एका गाळ्याचे तीन गाळे झाले, तिन्हींवर वडिलांचेच नाव. जो सूत व्यापारी वडिलांना नव्वद दिवसांच्या मुदतीने माल देई, त्याने आम्हां तिघांपैकी एकालाही मुदत दिली नाही. त्याची चूक नव्हती. त्याने एका पेढीला उधार दिले होते आणि ती पेढी आता नव्हती. आणि बहिणीकडून? तिच्याकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली. ती हसून म्हणाली, भाईजान, मला काय करायचे आहे. कुराणात ठरवून दिलेला हिस्सा हसून सोडायला लावणे ही कोणती रीत, हा प्रश्न आम्हांला फार उशिरा पडला. तिचे देणे आम्ही पुढे दिले, पण आमच्या वाट्यापुरतेच. बहिणीला हिस्सा दिला तर दुकान मोडेल, ही जी भीती आपल्या घरांत आहे, ती खोटी आहे. तिला भांडवल काढून द्यावे लागत नाही. तिला पेढीत हिस्सेदार ठेवा आणि दरवर्षी नफा पोहोचवा.

यासाठी कागद लागतो. कर्जाचा व्यवहार लिहून ठेवा, साक्षी ठेवा, हा हुकूम सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आहे, आणि ती कुराणातली सर्वांत मोठी आयत आहे. तरी आपली अर्धी दुकाने तोंडी चालतात. हिंदू अविभक्त कुटुंबाला कायद्यात जी जागा आहे तशी आपल्याला नाही; बाप डोळे मिटतो त्या क्षणी प्रत्येक वारस आपापल्या हिश्श्याचा वेगळा मालक होतो. भागीदारीचा १९३२ चा कायदा असे सांगतो की करारात वेगळे लिहिले नसेल तर एक भागीदार मेला की पेढी संपली. ‘करारात वेगळे लिहिले नसेल तर’ या शब्दांवर सारा खेळ आहे. तेव्हा भागीदाराच्या मृत्यूनंतर पेढी चालू राहील, त्याच्या वारसांचा हिस्सा अमुक पद्धतीने मोजला जाईल, कोणाला बाहेर पडायचे असल्यास पैसे इतक्या वर्षांत हप्त्याने मिळतील आणि दुकानाचे नाव पेढीकडेच राहील, एवढे त्यात लिहून घ्यावे. २००८ च्या कायद्याने आलेल्या मर्यादित जबाबदारीच्या भागीदारीत तर भागीदार मेला तरी पेढी कायम राहते. भांडवल थोडे असले तरी हा मार्ग खुला आहे.

हुशार जावयाला किंवा जुन्या मुनिमाला दत्तक घेता येत नाही, पण मालकाच्या हयातीत भागीदार करता येते. शिवाय जो वारस नाही त्याच्यासाठी मालमत्तेच्या एक तृतीयांशापर्यंत वसियत करता येते. जावई वारस नसतो, मुनीमही नसतो. मुलगा असताना पुतण्याही नसतो. म्हणजे ज्याच्या अंगी धंदा आहे त्याला गादीजवळ बसविण्याची वाट आपल्याकडेही आहे, आपण ती वापरत नाही एवढेच. वसियत करण्यापूर्वी एकदा मुफ्तीसाहेबांना आणि एकदा वकिलाला विचारावे, दोघांनाही.

कराराची नोंदणी निबंधकाकडे करून घ्यावी. नोंदणी नसलेल्या पेढीला बुडालेल्या उधारीसाठी गिऱ्हाइकावर दावा लावता येत नाही, आणि हे बहुतेकांना कळते ते वकिलाच्या कचेरीत, थकबाकीची वही काखेत घेऊन बसल्यावर.